ध्रुवप्रदेशातली रेल्वेची गावं: आबिस्को टिकलं, रोम्बाक्सबॉतन का गेलं?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. मी सहा वर्षांपासून गोथेनबर्गला राहते. मागच्या मार्चमध्ये आम्ही घरचे चौघं आबिस्कोला जाऊन आलो. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही वर, ६८ अंश अक्षांशावर. स्टॉकहोमहून रात्रीच्या गाडीत बसलो की सतरा-अठरा तास. सगळे जातात तसे आम्हीही ध्रुवीय प्रकाश पाहायला गेलो होतो. तो दिसला, पोटभर दिसला. त्यावर इथे बरेच धागे आहेत, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

माझ्या डोक्यात बसलंय ते गाव. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं. एका बाजूला तोर्नेत्रेस्क नावाचं सत्तर किलोमीटर लांबीचं गोठलेलं सरोवर, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधोमध रेल्वेचा एकच रूळमार्ग. डिसेंबरात काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. जमिनीत काही पिकत नाही. गाव वसायला पाणी, पीक आणि बाजार लागतो असं आपण शाळेत शिकलो, त्यातलं इथे फक्त पाणी आहे, तेही अर्धं वर्ष बर्फाखाली.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजोबांनी सांगितलं की इथे मोटारीचा रस्ता १९८४ साली पूर्ण झाला. रेल्वे १९०२ची! म्हणजे ऐंशी वर्षं गावात येणारी प्रत्येक गोष्ट, पीठ, औषध, पत्र, पाहुणा, सगळं गाडीनेच आलं. पुढे ते म्हणाले की याच मार्गाच्या नॉर्वेकडच्या टोकाला रोम्बाक्सबॉतन नावाची वस्ती होती, दुकानं-हॉटेलांसकट. रूळ टाकून झाले आणि ती उठली. आज तिथे नुसते पाये दिसतात.

एकाच रेल्वेने एक गाव जगवलं आणि दुसरं सोडून दिलं. असं का झालं? जाणकारांनी लिहावं. आणि तुमच्यापैकी कोणी तिकडे फक्त आकाशाकडे न बघता रुळांकडेही बघितलं असेल, तर तेही सांगा.

चिवडालाडू
पहिला! उणे वीसमध्ये प्लॅटफॉर्मवर चहावाला असता तर गाव अजून मोठं झालं असतं.

जुनेपान
सांजवेळ, चांगला धागा. थोडं मागून सुरुवात करतो.

मुळात ही रेल्वे माणसांसाठी नव्हतीच, ती लोखंडासाठी होती. याच मार्गावरच्या किरुनाच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे हे फार आधीपासून माहीत होतं. पण ते न्यायचं कसं? पूर्वेला लुलेओ बंदर आहे, ते हिवाळ्यात गोठतं. पश्चिमेला नॉर्वेचा किनारा उबदार सागरी प्रवाहामुळे वर्षभर मोकळा असतो, पण मध्ये डोंगर आडवे. एका इंग्रज कंपनीने १८८०च्या दशकात काम हाती घेतलं. येल्लिवारेजवळच्या खाणीपासून लुलेओपर्यंतचा टप्पा १८८८मध्ये सुरू झाला आणि १८८९मध्ये कंपनी बुडाली. नॉर्वेच्या टोकाला तिने जे बंदर आखलं होतं त्याला स्वीडनच्या युवराज्ञीवरून व्हिक्टोरियाहाव्न नाव दिलं होतं. तेच आजचं नार्विक.

पुढचं काम दोन्ही देशांच्या सरकारांनी केलं. तेव्हा स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाखाली होते. १९०२च्या नोव्हेंबरात रूळ जोडले गेले आणि १४ जुलै १९०३ला राजा ऑस्कर दुसरा याने मार्गाचं उद्घाटन केलं. दोनच वर्षांत, १९०५मध्ये, दोन्ही देश वेगळे झाले. राज्यं तुटली पण रूळ तसेच राहिले, गाड्याही.

आता तुमचा प्रश्न. रोम्बाक्सबॉतन हे बांधकामाचं ठाणं होतं. फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, आतल्या टोकाला जहाजं लागायची, सामान उतरायचं आणि तिथून डोंगरावर चढवलं जायचं. मार्ग मात्र त्या जागेच्या बराच वरून, डोंगराच्या कडेने जातो. रूळ जोडले गेले आणि खाली सामान उतरवायचं कारणच संपलं.

अबोली
वाचतेय. छान माहिती. "राज्यं तुटली पण रूळ तसेच राहिले" हे वाक्य लक्षात राहील.

कर्जतकर
मी रेल्वेत मालगाडी चालवायचो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. बरीच वर्षं भोर घाटात बँकरवर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, काढली. मुलीकडे नॉर्वेला गेलो तेव्हा जावयाने हौसेने या मार्गावरून नेलं. आमच्या घाटापेक्षा चढ सौम्य आहे, घाटात ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ. पण जे वजन ते एका गाडीला जोडतात ते पाहून मी खिडकीला नाक लावून बसलो.

६८ वाघिणी. एकेका वाघिणीत १०० टन माल. गाडीची लांबी पाऊण किलोमीटर. पुढे दोन भागांचं एक इंजिन, मागे बँकर नाही. क्रॉसिंगला आमची गाडी थांबली होती, तेव्हा मी वाघिणी मोजल्या, बायको म्हणाली इथे तरी सोडा.

खरी गंमत पुढे आहे. भरलेली गाडी सीमेवरून, म्हणजे रिक्सग्रेन्सेनहून, नार्विकला उतरते. चाळीसेक किलोमीटरमध्ये पाचशे मीटर उतार. घाट उतरताना गाडी आवरणं हेच ड्रायव्हरचं खरं काम, चढवायला इंजिन असतं, उतरताना तुम्ही असता. इथे उतरताना इंजिनाच्या मोटरी उलट वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत जाते. गाडीला उतरताना जेवढी वीज लागते त्याच्या पाचपट ती परत देते. रिकामी रेक त्याच विजेवर सीमेपर्यंत वर चढते. लोखंड खाली येतं, त्याच्या वजनाने रिकाम्या वाघिणी वर जातात. विहिरीच्या रहाटासारखंच की! एक पोहरा खाली, दुसरा वर.

चिवडालाडू
@कर्जतकर काका, रहाटाची उपमा झकास. आता हे माझ्या फिजिक्सच्या पोरांना सांगणार.

निळाई
मी लुलेओला असते, कामानिमित्त या मार्गावर जाणं-येणं असतं. कर्जतकर काकांच्या विजेच्या मुद्द्याला जोडून: हा मार्ग फार लवकर विजेवर गेला. किरुना ते सीमा हा टप्पा १९१५मध्ये, नॉर्वेचा १९२३मध्ये. कोळसा बाहेरून आणावा लागायचा आणि वाफेच्या इंजिनांना या थंडीत, या चढावर, इतकं वजन झेपत नव्हतं. म्हणून पोर्युसला खास धरण आणि वीजकेंद्र बांधलं. तिथवर आधी रूळही नव्हते. येल्लिवारेपासून पन्नास किलोमीटर माणसांनी पाठीवर सामान वाहून नेलं. रेल्वेला वीज द्यायची म्हणून माणसं पाठीवर ओझी घेऊन दलदलीतून चालली, हे मला कधी विसरता येत नाही.

आबिस्को का टिकलं याला माझ्या मते विज्ञान हे एक उत्तर आहे. बांधकाम संपल्यावर वासियाउरे इथे रेल्वेची एक इमारत रिकामी झाली, तिथे १९०३मध्ये संशोधन केंद्र सुरू झालं. १९१०मध्ये ते आगीत जळालं. मग ते आबिस्कोला हलवलं आणि १९१३पासून तिथे रोजच्या नोंदी चालू आहेत. सरोवर कधी गोठलं, बर्फ कधी फुटला, तापमान किती, सगळं. राष्ट्रीय उद्यान तर १९०९पासून आहे.

वैशाखवणवा
नाव वैशाखवणवा आणि आवड बर्फाची, घरातही यावर चर्चा होते :)

हवामानाच्या अंगाने दोन गोष्टी. आबिस्कोत वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, अख्ख्या स्वीडनमध्ये सर्वांत कमी पडणाऱ्या जागांपैकी एक. पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात. आपल्याकडे महाबळेश्वर धो धो भिजतं आणि माणदेश कोरडा राहतो, तोच न्याय. म्हणून आकाश मोकळं आणि म्हणून प्रकाश दिसतो. पण त्याच मार्गावर थोडं पश्चिमेला कोप्पारोसेन नावाचं ठिकाण आहे. तिथे २८ फेब्रुवारी १९२६ला ३२७ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला, तो स्वीडनचा विक्रम आजही आहे. म्हणजे रुळांवर दोन पुरुष उंचीचा थर, आणि तो उपसणारी माणसं तिथेच राहायला हवीत. छोटी छोटी स्थानकं एवढ्या जवळजवळ का होती, हे त्यातून कळतं.

तापमानाचंही सांगतो. आबिस्कोत वर्षाची सरासरी पूर्वी शून्याखाली असायची, गेल्या काही दशकांत ती शून्याच्या वर सरकली. शंभर वर्षांच्या सलग नोंदी हाताशी आहेत म्हणूनच हे ठामपणे म्हणता येतं.

रानवाटा
मी हा टापू पायी केलाय. कात्तेरात स्थानकावर उतरायचं आणि जुन्या मजूर-वाटेने रोम्बाक्सबॉतनला खाली यायचं. कात्तेरातला आजही मोटार जात नाही, गाडी हाच रस्ता. मी उतरलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर मी एकटाच. गाडी वळणाआड गेल्यावर जी शांतता होते, ती कानाला टोचते.

खाली पोचलो तेव्हा बर्चची झाडं आणि त्यात दगडी चौथरे. एका चौथऱ्यावर मी डबा उघडला आणि मग लक्षात आलं की मी कुणाच्या तरी घराच्या किंवा दुकानाच्या जमिनीवर बसलोय. पाण्यात एका जर्मन विनाशिकेचं गंजलेलं टोक वर आलेलं दिसतं, गेओर्ग थीले तिचं नाव. १३ एप्रिल १९४०ला लढाईत दारूगोळा संपल्यावर कप्तानाने ती किनाऱ्यावर चढवली. एकाच जागी दोन भूतकाळ, आणि दोन्हींच्या मुळाशी लोखंड.

जुनेपान म्हणतात ते बरोबर, पण मला अजून एक वाटतं. रोम्बाक्सबॉतनच्या लोकांना आधीपासूनच माहीत असणार की आपण जायचंय. त्यांना तिकडे 'रालार' म्हणतात, एक रेल्वे संपली की दुसरीकडे निघणारे मजूर. त्यांचं गाव म्हणजे कामच.

अबोली
रानवाटा, तुमचं वाचून काटा आला. रालारांबद्दल अजून लिहा ना. बायका होत्या का त्यांच्यात?

जुनेपान
@अबोली होत्या. स्वयंपाकिणी होत्या, मजुरांच्या बराकींत जेवण रांधायच्या, कपडे धुवायच्या. त्यातली एक दंतकथा झाली आहे, 'स्वार्ता ब्योर्न', म्हणजे काळं अस्वल. उंच, काळ्या केसांची, देखणी, सगळ्या कामगारांची लाडकी. दुसऱ्या एका स्वयंपाकिणीशी भांडण झालं आणि त्यात ती गेली असं सांगतात. नार्विकला दर मार्चमध्ये हिवाळी उत्सव भरतो, त्यात दर वर्षी एका स्त्रीला 'स्वार्ता ब्योर्न' म्हणून निवडतात.

कर्जतकर
लोकांनी रचलेली गोष्ट असावी. अशा गोष्टी आमच्या घाटातही होत्या, बोगद्यागणिक एक.

सांजवेळ
कर्जतकर काका, गोष्ट रचलेली असेल, पण थडगं मी पाहिलंय. खरं तर त्याच्यामुळेच मी हा धागा काढला. मूळ पोस्टमध्ये लिहायचं राहिलं, कसं लिहावं ते सुचत नव्हतं.

ब्योर्कलिदेनच्या पुढे तोर्नेहाम म्हणून जागा आहे, सरोवराच्या काठाला. तिथे रालारांचं कब्रस्तान आहे. आम्ही गेलो तेव्हा बर्फ गुडघ्याच्या वर होता. पांढरे लाकडी क्रूस, बर्फातून फक्त आडव्या पट्ट्या वर. एका क्रूसावर लिहिलंय 'आन्ना, नॉर्गे'. एवढंच. नाव आणि देश. आडनाव नाही. हीच ती काळं अस्वल असं लोक मानतात.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याने हातमोज्याने क्रूसावरचा बर्फ झटकला आणि विचारलं, "आई, हिचं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं का?" मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात वरून खनिजाची गाडी गेली. जमीन हलल्यासारखी वाटली. आम्ही ती पूर्ण जाईपर्यंत उभे राहिलो.

कर्जतकर
सांजवेळ, माझा मुद्दा मागे घेतो. गोष्ट खरी की खोटी हे महत्त्वाचं नाही. घाटाचं काम करताना आमच्याकडेही हजारो गेले, पटकीने, दरडींनी. १८६३मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. मी किती वेळा ते बोगदे पार केले, एकाचंही नाव मला माहीत नाही. तिकडे निदान आन्ना तरी लिहिलंय.

अबोली
+१ काका.

एक प्रश्न. तिथे रेल्वेच्या आधी कोणीच नव्हतं असं आपण बोलतोय, पण ते सामी लोकांचं रान आहे ना? रेनडिअर पाळणाऱ्यांचं?

निळाई
अबोली, तू बोललीस ते बरं झालं. मी मघाशी लिहायला हवं होतं. तो सगळा सामींचा प्रदेश. रेनडिअरचे कळप हिवाळ्यात पूर्वेच्या रानात आणि उन्हाळ्यात पश्चिमेच्या डोंगरांत जातात. रूळ त्या वाटांना आडवे जातात. बर्फात रुळांचा पट्टा साफ केलेला, चालायला सोपा, म्हणून जनावरं त्यावरच येतात आणि गाडीखाली सापडतात. इतक्या वजनाची गाडी झटक्यात थांबत नाही. आजही हा रोजचा प्रश्न आहे. आबिस्कोहून दिसणारी ती यू आकाराची प्रसिद्ध दरी, 'लाप्पोर्तेन', तिला सामींचं स्वतःचं नाव आहे: चुओन्यावाग्गी, हंसांची दरी. फोटोखाली तेही लिहावं असं मला वाटतं.

त्यामुळे "रेल्वेची गावं" हे अर्धंच खरं. तिथे माणसं होतीच, फिरती होती. रेल्वेने एका जागी थांबणारी माणसं आणली.

सांजवेळ
निळाई, पटलं. माझ्या शीर्षकात ती चूक आहे. संपादनाची वेळ गेली, पण इथे कबूल करते.

चिवडालाडू
जर्मन विनाशिका तिथे काय करत होती? इतिहासात नापास झालेल्यासाठी कोणीतरी थोडक्यात सांगा.

जुनेपान
थोडक्यात: जर्मनीच्या युद्धाला स्वीडनचं लोखंड हवं होतं आणि हिवाळ्यात ते नार्विकहून निघायचं. म्हणून ९ एप्रिल १९४०ला जर्मनांनी नार्विक घेतलं. नॉर्वेजियन, फ्रेंच, पोलिश आणि ब्रिटिश फौजांनी २८ मेला ते परत जिंकलं. जर्मन सेनापती दीत्ल आपल्या लोकांसह रेल्वेच्या कडेकडेने मागे सरकत सीमेजवळच्या ब्योर्नफ्येलपर्यंत रेटला गेला. पण फ्रान्स पडत होता, म्हणून ८ जूनपर्यंत मित्रफौजा निघून गेल्या आणि जर्मन परत आले. पुढची तीन वर्षं स्वीडनने जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने जाऊ दिलं. स्वीडनमध्ये आजही हा दुखरा विषय आहे.

आणि १९४२मध्ये त्याच ब्योर्नफ्येलजवळ युगोस्लाव्ह कैद्यांची छावणी होती. तिथून बरेच परतले नाहीत. पर्यटक त्या स्थानकावरून फोटो काढत जातात, त्यांना हे माहीत असावं.

रानवाटा
नोर्दाल पूलही बघा. १९०२चा, १८० मीटर लांब. १९८८मध्ये मार्ग वळवला, पूल तसाच जपलाय. दरीत उभा आहे, गाडी नाही.

निळाई
मूळ प्रश्नाकडे येते. गाव टिकतं का, हे आजही ठरायचंच आहे. रोजचं बघा. डिसेंबर २०२३मध्ये वासियाउरेजवळ खनिजाची गाडी घसरली, पंधरा किलोमीटर रुळांचं नुकसान झालं. मार्ग दोन महिने बंद. फेब्रुवारीत सुरू झाला आणि काही दिवसांत पुन्हा गाडी घसरली. तेव्हा लोकांना कळलं की या मार्गावरून फक्त खनिज जात नाही. उत्तर नॉर्वेच्या दुकानांतलं वाणसामान ओस्लोहून स्वीडनमार्गे याच रुळांवरून नार्विकला येतं आणि परतीला मासळी जाते. नॉर्वेच्या इतर रेल्वेशी हा तुकडा जोडलेलाच नाही.

आणि किरुना? खाणीमुळे जमीन खचते म्हणून शहरच हलवताहेत. ऑगस्ट २०२५मध्ये १९१२चं ६७२ टनांचं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं उचलून पाच किलोमीटर नेलं. दोन दिवस लागले. आमच्या ऑफिसात सगळे काम सोडून बघत होते.

वैशाखवणवा
म्हणजे लोखंडानेच गाव वसवलं आणि लोखंडच आता गाव सरकवतंय.

कर्जतकर
माझ्या अनुभवावरून सांजवेळच्या प्रश्नाचं उत्तर देतो. स्टेशनवर माणूस लागतो तोवर वस्ती राहते. पॉइंट हाताने बदलायचे, बर्फ उपसायचा, दिवे लावायचे, म्हणून मास्तर, गँगमन, त्यांची बायकापोरं. मग सिग्नल दुरून चालायला लागले, यंत्रं आली, माणूस नको झाला. घाटात आमची केबिनं अशीच रिकामी झाली. जिथे रेल्वेखेरीज दुसरं काही नव्हतं ती स्थानकं ओस पडली. आबिस्कोला केंद्र होतं, उद्यान होतं, चालणाऱ्यांची वाट होती, पुढे रस्ता आला. रेल्वेची गरज कमी होण्याआधी त्याला दुसरं काम मिळालं.

जुनेपान
काका, मी अर्धा दिवस वाचून जे सांगू शकलो नसतो ते तुम्ही दहा ओळींत सांगितलंत.

अबोली
पुढच्या हिवाळ्यात आम्ही जाणार आहोत. किरुनाहून नार्विककडे जाताना कुठल्या बाजूला बसावं?

सांजवेळ
उजवीकडे. सरोवरही उजवीकडे आणि पुढे रोम्बाकचा फियोर्डही उजवीकडेच खाली दिसतो. तोर्नेहामला जाणार असाल तर उंच बूट घ्या, वाट साफ केलेली नसते. शक्य असेल तर आन्नाच्या क्रूसावरचा बर्फ झटका. आम्ही झटकला होता, आता पुन्हा साचला असेल.